तीनदा विसळलेली बाटली

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या फाटकातून लोक नाक दाबून आत शिरायचे. नाकतात्या नाक पुढे करून शिरायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. एकतीस वर्षांत कुणी ते हाक मारायला वापरलं नव्हतं. नाक बघायला साधंच होतं, जरा बसकं, उजव्या नाकपुडीपाशी तीळ. पण त्या नाकाची गावभर ख्याती होती आणि तात्यांच्या घरी दहशत.

सासरी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा ताटावर बसल्या बसल्या त्यांनी सासऱ्यांना सांगितलं होतं, की तुमच्या मोरीच्या जाळीत साबणाचा तुकडा अडकलाय, दोन दिवसांत पाणी तुंबेल. सासऱ्यांनी घुश्श्यात ताट पुढे ओढलं. सासूबाईंनी आत जाऊन जाळी उचकटून पाहिली आणि वडीचा चेपलेला तुकडा हातात घेऊन बाहेर आल्या. तात्यांची बायको ही गोष्ट अजून सांगते, आणि शेवटी म्हणते, “माझ्याकडे बघायच्या आधी ह्यांनी आमच्या मोरीकडे बघितलं.”

माणसाला वाटतं, आपली घाण मोरीच्या भोकात संपली. तात्यांची नोकरी त्या भोकाच्या पलीकडे सुरू व्हायची. गावातल्या सगळ्या मोऱ्या, न्हाण्या, धोबीघाट, दवाखाने, कारखाने तिथे एका तोंडाने येऊन मिळायचे, आणि तात्या कठड्याला रेलून हुंगत उभे. आज रंगवाल्याने पिंपं धुतली. आज शाळा उघडली, फिनेल आलंय. लोण्याच्याच बिस्किटांची पाटी लावणाऱ्या बेकरीवाल्याच्या मोरीतून लोणी कधी आलंच नाही, स्वस्त तेल मात्र रोज येतं. हे सगळं तात्यांना ठाऊक असायचं. बोलायचे मात्र फार थोडं. बेकरीवाला रस्त्यात भेटला, की नुसतं नाक वर करून हसायचे, आणि तो बिचारा घाईघाईने दोन बिस्किटं जास्त बांधून द्यायचा. गाव वरच्या बाजूने सगळ्यांनाच माहीत असतं. तात्यांना ते खालच्या बाजूने माहीत होतं.

त्यांचं काम नमुने घ्यायचं. येणाऱ्या पाण्याची एक बाटली, हवा मारायच्या टाकीतली एक, बाहेर नदीला जाणाऱ्या स्वच्छ पाण्याची एक, आणि तळाशी बसलेल्या गाळाची एक. बाटल्या प्रयोगशाळेत पोचवायच्या. नोकरीच्या पहिल्या दिवशी तेव्हाच्या प्रयोगशाळाप्रमुखांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. बाटली तीनदा विसळल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही. एकदा नाही, दोनदा नाही. हा नियम तात्यांच्या अंगात इतका मुरला, की घरी चहाचा पेलासुद्धा ते तीनदा विसळून मग पुढे करायचे. पाहुणे आले, की बायको म्हणायची, ह्यांना चहा नको, नमुना हवाय.

विसळायला त्यांच्याकडे एक हिरवा पाइप होता. तो मिळवण्यासाठी त्यांनी तीन अर्ज केले होते. जुना काळा पाइप थंडीत लाकडासारखा ताठ व्हायचा, मुडपला की तडकायचा. हा नवा बाराही महिने मऊ, कसाही वळवा, गाठ पडत नाही. उन्हात तापला की हाताला किंचित तेलकट लागायचा. तात्या त्याची गुंडाळी करून खुंटीला अडकवायचे, आणि दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

गाळाचं पुढे काय होतं, हे सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. टाकीच्या तळाचा गाळ वाफ्यांत पसरून वाळवायचे. महिनाभराने तो काळसर, भुसभुशीत व्हायचा. कुठला वाफा तयार झाला हे तात्या ठरवायचे. चिमूटभर उचलायची, चोळायची, हुंगायची. कच्च्या गाळाला आंबूस वास येतो. झालेल्याला खणलेल्या मातीसारखा. तात्यांनी मान डोलावली, की वाफा उपसून फाटकाजवळ ढीग लागायचा, आणि गावातली बागवाली माणसं पोती घेऊन यायची. फुकट खत, तेही नाकतात्यांनी पास केलेलं.

प्रत्येक ढिगातलं पहिलं पोतं आक्काचं.

आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण, शिवणकामाची निवृत्त शिक्षिका. जीभ कात्रीसारखी आणि नजर टाक्यावर. तात्यांनी ही नोकरी धरली तेव्हा आक्काने तोंडावर सांगितलं होतं, की गटाराची नोकरी करणाऱ्याने माझ्या घरात मागच्या दाराने यायचं, पाय धुवायचे आणि खुर्चीवर बसायचं नाही. तात्या हसण्यावारी नेत होते, पण वीस वर्षं ते मागच्या दारानेच येत-जात राहिले. सख्खा भाऊ. येणारे-जाणारे पाहुणे त्यांना दूधवाला समजत.

मग अकरा वर्षांपूर्वी तात्यांनी आक्काच्या घरामागच्या लांबोळक्या पट्टीत, तिला न विचारता, एक पोतं पसरलं. त्या हंगामात आक्काचे मुळे मनगटाएवढे झाले. पालक असा माजला, की गल्लीत वाटून उरला. शेजारणी कुंपणाला लोंबकळून विचारायला लागल्या, काय घातलंत बाई. आक्काने कुणाला सांगितलं नाही. पण पुढच्या रविवारी तात्या मागच्या फाटकाशी पोचले, तर ते आतून बंद. आक्का पुढच्या पायरीवर उभी. एवढंच म्हणाली, “चपला बाहेर काढ. खुर्ची पुसलीय.”

तेव्हापासून दर रविवारी तात्या पुढच्या दाराने जायचे, खुर्चीवर बसायचे आणि आपल्या खताची भाजी जेवायचे. कुणाला ह्यात विशेष काही दिसणार नाही. तात्यांना मात्र ती खुर्ची नोकरीतल्या कुठल्याही बढतीपेक्षा मोठी होती.

यंदाच्या वर्षी केंद्रात नव्या प्रयोगशाळाप्रमुख आल्या. वयाने तात्यांच्या भाचीएवढ्या, चष्मा सारखा घसरणारा, बोलणं हळू. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्लास्टिकच्या सगळ्या बाटल्या एका बाजूला ठेवल्या आणि काचेच्या मागवल्या, म्हणून कामगारांनी त्यांचं नाव काचबाई ठेवलं. त्यांना ते कळलं, आणि त्याच नावाला त्या ओ देऊ लागल्या. इथेच तात्यांना त्या आवडल्या.

काचबाईंना गाळात एक वेगळीच गोष्ट शोधायची होती. ती काय, हे त्यांनी तात्यांना प्रयोगशाळेतल्या ओट्यावर बसवून सांगितलं. म्हणाल्या, प्लास्टिक मुळात हाडासारखं कडक असतं. त्याचा पडदा करायचा, चादर करायची, चप्पल करायची, तर ते मऊ करावं लागतं. त्यासाठी त्यात एक तेलासारखं रसायन मुरवतात. त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. पण ते आत बांधलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं. वापरता वापरता, धुता धुता जरा जरा बाहेर येतं आणि मोरीतून इथे पोचतं. त्याला पाणी आवडत नाही, चिकट आणि स्निग्ध गोष्टी आवडतात. म्हणून इथे आल्यावर ते पाणी सोडतं आणि गाळाला धरून बसतं.

“म्हणजे आपण पाणी स्वच्छ करतो,” तात्या म्हणाले.

“पाणी स्वच्छ होतं. घाण जात नाही, तात्या. ती खोली बदलते.”

तात्यांनी विचारलं, वास कसा असतो. काचबाई म्हणाल्या, जवळजवळ नाहीच. तात्या हसले. एकतीस वर्षांत वास नसलेली गोष्ट त्यांना भेटली नव्हती. त्यांनी मनाशी ठरवलं, की पोरगी हुशार आहे, पण सर्दीची असणार.

नमुना घ्यायची तयारी काचबाईंनी स्वतः करून दिली. भट्टीत तापवलेल्या काचेच्या चार बाटल्या, झाकणाखाली चांदीसारखा पातळ पत्रा, स्टीलचा चमचा. तीन बाटल्या गाळाच्या, आणि चौथी कोरी. कोऱ्या बाटलीत फक्त शुद्ध पाणी. तीही वाफ्याशी न्यायची, उघडायची, चमचा गाळाला लागायच्या आधी त्यानेच ढवळायची आणि परत आणायची. गाळाच्या बाटलीत जे सापडेल ते कोरीत सापडता कामा नये. सापडलं तर समजायचं, की ते गाळातून आलेलं नसून आपल्या हातून आलंय. तात्यांना ही युक्ती फार पसंत पडली. एक प्रामाणिक बाटली सोबतीला न्यायची, असं ते घरी बायकोला समजावून सांगत होते.

मग त्यांनी काय केलं? वाफ्याशी गेले, चारही बाटल्या ओळीत मांडल्या, खुंटीवरचा हिरवा पाइप काढला आणि एकेक बाटली तीनदा विसळली. कोऱ्या बाटलीतलं पाणी त्यांना जरा कमी वाटलं, तेव्हा ती रिकामी करून, तीही तीनदा विसळून, पाइपातल्या ताज्या पाण्याने काठोकाठ भरली. चमचाही धुतला. काचबाईंनी विसळायला सांगितलं नव्हतं, पण विसळू नका असंही म्हणाल्या नव्हत्या. अंघोळ करताना कपडे काढा असं कुणी सांगतं का?

बाटल्या मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेल्या. अहवाल आला त्या दिवशी काचबाईंनी कोऱ्या बाटलीचा आकडा दोनदा वाचला आणि तात्यांना बोलावून, आरोप न करता, सगळी हकिगत पहिल्यापासून विचारली. तात्यांनी ती अभिमानाने सांगितली. पाइपाच्या तीन अर्जांसकट. काचबाईंनी चष्मा काढून पुसला.

“तात्या, तो पाइप मऊ का आहे, सांगा.”

तात्यांनी नकळत बोटं चोळली, तापलेला पाइप हाताला तेलकट लागायचा तशी.

बातमी केंद्रात पसरायला चहाची एक फेरी पुरली. नाकतात्यांनी नमुना धुऊन घाण केला. पंपावरचा मेकॅनिक तीन बोटं दाखवून हसायला लागला. तात्यांनी ते सोसलं. इतकी वर्षं त्यांनी गावाला हसून घेतलं होतं, थोडं परत येणारच.

मोठे साहेब मात्र खूश झाले. साहेब वाईट माणूस नव्हे. त्यांची अडचण साधी होती, ढीग. गाळ रोज तयार होतो. लोकांनी तो पोत्यांतून नेला नाही, तर ठेवायचा कुठे? अहवालात गाळाचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. पण कोरी बाटलीही खराब निघाली, म्हणजे नियमाने सगळाच अहवाल रद्द. साहेबांनी तात्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाले, की एक कागद लिहून द्या, नमुना माझ्या हातून चुकला, पाइपामुळे आकडे चढले. तुमच्यावर काही कारवाई नाही, शब्द देतो. फाइल बंद, खत चालू, तुम्ही निवांत.

तात्यांचीही तशी सुटकाच होती. कागद घेऊन ते प्रयोगशाळेच्या पायरीवर लिहायला बसले. “नमुना माझ्या हातून चुकला” इथपर्यंत लिहिलं, आणि पेन थांबलं. आत काचबाई बाटल्या लावत होत्या. तात्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, की कोऱ्या बाटलीत निघालं ते किती आणि गाळात निघालं ते किती.

काचबाईंनी हातातली बाटली फळीवर ठेवली. मग म्हणाल्या, “कोरीत चिमूटभर. गाळात पोतंभर.”

“मग पोतं पाइपातून आलं म्हणायचं?”

“मला तसं म्हणता येत नाही. नाही असंही म्हणता येत नाही. कोरी बिघडली की बोलायचा हक्क जातो.”

तात्यांनी आणखी एक विचारलं. ह्याने माणसाला काय होतं. काचबाईंनी मोजून मापून सांगितलं, की खाऊन कुणी आडवं पडत नाही. शरीरातल्या ग्रंथींच्या कामात हे लुडबुड करतं असा संशय आहे. पोटातल्या बाळाच्या बाबतीत जास्त जपावं म्हणतात. बरंचसं मातीलाच चिकटून राहतं, भाजीत किती उतरतं ते भाजीवर आणि मातीवर. छातीठोकपणे काहीच सांगता येणार नाही.

पोटातलं बाळ म्हटल्यावर तात्यांच्या डोळ्यांपुढे भाची आली. आक्काची एकुलती एक मुलगी आईच्याच घरात वरच्या खोलीत राहायची, तिला सहावा महिना चालू होता आणि आक्का तिला रोज वाटीभर पालक गिळायला लावायची. अकरा वर्षं तात्यांनी हुंगून पास केलेल्या मातीतला.

त्यांनी खिशातून चिमूटभर वाळलेला गाळ काढला. खिशात तो असायचाच. चोळला, हुंगला. खणलेल्या मातीचा वास. छान, झालेला, निर्दोष वास. तात्या बराच वेळ हुंगत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या नाकाचा भरवसा वाटेना.

मग त्यांनी कागद पुरा केला. “नमुना माझ्या हातून चुकला,” आणि खाली नवी ओळ घालून, “म्हणून तो पुन्हा घ्यावा, ही विनंती.” साहेबांनी कागद वाचला, तात्यांकडे बघितलं, परत वाचला. खालची ओळ खोडाल का, असं त्यांनी सौम्यपणे विचारलं. तात्या म्हणाले, खोडतो, पण मग वरचीही खोडावी लागेल, दोन्ही एकाच हातच्या आहेत. साहेबांनी पेन काढलं. त्यांनी सही केली.

दुसऱ्या वेळची तयारी बघायला अर्धं केंद्र जमलं होतं. तात्यांनी प्लास्टिकच्या चपला फाटकाशीच काढल्या. घड्याळाचा पट्टा काढला. काचबाईंनी विचारलं, सकाळी तोंडाला किंवा केसांना काही सुवासिक लावलंत का, अशा गोष्टींतही ते असू शकतं. तात्यांनी खाली बघत कबूल केलं, की लावलंय. एवढ्या वर्षांत कुणाला पत्ता नव्हता की नाकतात्या गुलाबाचं तेल लावतात. त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मग तात्या साध्या पाण्याने डोकं धुऊन, सुती सदरा घालून, अनवाणी वाफ्याशी गेले. केंद्रातला चमचा पाइपाखाली गेलेला, म्हणून त्यांनी घरचा स्टीलचा डाव आणला होता. बायकोने देताना बजावलं होतं, “हा परत माझ्या स्वयंपाकघरात आणायचा नाही. तुम्ही आलात तरी चालेल.”

बाटल्या उघडल्या. तात्यांचा उजवा हात सवयीने खुंटीकडे गेला. मागे मेकॅनिक खोकला. तात्यांनी हात मागे घेतला आणि पुढच्या तिन्ही बाटल्या भरेपर्यंत ते मोठ्याने स्वतःलाच सांगत होते, विसळायचं नाही, विसळायचं नाही. इतकं साधं काम त्यांना इतकं जड कधीच गेलं नव्हतं.

अहवालाला तीन आठवडे लागणार होते. म्हणजे तीन रविवार.

पहिल्या रविवारी तात्या आक्काकडे गेले, पुढच्या दाराने, खुर्चीवर बसले. सांगायचं म्हणून गेले होते. पण आक्काने दारातच मुळ्याची जुडी दाखवली, भाची पोटावर हात ठेवून हसत खाली आली, आणि तात्यांना वाटलं, अजून नक्की कुठे आहे? उगीच घाबरवायचं. पाइपाचंच निघालं तर आपलंच हसं. ते म्हणाले, पोट बिघडलंय, जेवत नाही. दुसऱ्या रविवारी म्हणाले, पित्त. तिसऱ्या रविवारी दाढ दुखत होती. तिन्ही वेळा भाची समोर बसून पालक खात होती, आणि तात्या पाण्याचा पेला हातात धरून तिच्याकडे बघत होते.

चौथ्या आठवड्यात काचबाईंनी त्यांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. कोरी बाटली कोरी होती. गाळ तेवढाच खराब होता, मागच्यापेक्षा जेमतेम उणा. तात्यांनी विचारलं, कुठून येतं हे, कुठला कारखाना? काचबाई म्हणाल्या, थोडं कारखान्यातून असेल. पण बरंचसं सगळ्यांकडूनच. न्हाणीतला पडदा, जमिनीवरची चादर, चपला, पाइप. तुमच्या घरून, माझ्या घरून.

तात्या त्याच दुपारी आक्काकडे गेले. रिकामी पोती काखेत होती. ते पुढच्या दाराशी गेले नाहीत. वळसा घालून मागच्या फाटकाने आत शिरले आणि पट्टीच्या कडेला उभे राहिले. आक्का वाफ्यात बसून तण काढत होती. तिने मान वर केली, आधी फाटकाकडे बघितलं, मग पोत्यांकडे.

तात्यांनी सगळं सांगितलं, बाटल्या, पाइप, आकडे, काचबाईंनी काय म्हटलं आणि काय म्हणता येत नाही म्हटलं ते. आक्काने मधे एकदाही तोडलं नाही. हे तिच्या स्वभावाबाहेरचं होतं. शेवटी तिने हातातलं तण खाली ठेवलं.

“तुला संशय कधी आला?”

“तीन-साडेतीन आठवडे झाले.”

“म्हणून तू जेवत नव्हतास.”

तात्यांनी काखेतली पोती खाली ठेवली.

“दाढ दुखत होती म्हणे. तू स्वतःचं ताट उचललंस, आणि माझ्या मुलीचं समोर राहू दिलंस.”

“नक्की नव्हतं, आक्का.”

“स्वतःपुरतं नक्की होतं की रे.”

आक्का आवाज चढवून बोलली असती, तर बरं झालं असतं. ती टाका घालावा तशी एकेक शब्द बोलत होती. म्हणाली, की अकरा वर्षं काय घातलंस त्याचा मला राग नाही, तुला तरी कुठे कळत होतं. पण कळायला लागल्यावर तू आधी तोंड वाचवलंस. मग ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, “आता काही दिवस मागच्याच दाराने येत जा. आणि येशील तेव्हा फावडं घेऊन ये.”

तात्या रोज कामावरून सुटून फावडं घेऊन जाऊ लागले. वरची वीतभर माती काढायची, पोत्यांत भरायची, केंद्रावर न्यायची. आक्का खिडकीतून बघायची आणि भाचीला दुकानातली भाजी निवडून द्यायची. तात्यांना चहा मिळायचा, पण मागच्या पायरीवर. पेला ते विसळायचे नाहीत, तसाच प्यायचे.

केंद्रात साहेबांनी ढिगासाठी नियम काढला. बंद करणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून मधला मार्ग. फाटकाशी पाटी लागली: खत फुलझाडांना आणि सावलीच्या झाडांना. भाजीपाल्याला नको. पण पाटी कोण वाचतं? लोक यायचे, पोतं भरायचे, आणि विचारलं की सगळ्यांच्याच घरी अचानक गुलाब फुललेले. तेव्हा तात्यांनी साहेबांकडे चौथा अर्ज केला, की सकाळचे दोन तास मला ढिगापाशी बसू द्या. साहेबांनी विचारलं, तिथे तुम्ही काय करणार? तात्या म्हणाले, माझं काम.

ते स्टुलावर बसायचे आणि प्रत्येकाला काय लावणार ते विचारायचे. एकदा एक पोस्टातल्या बाई आल्या, नीटनेटक्या, छत्रीवाल्या. म्हणाल्या, गुलाबच, फक्त गुलाब. तात्यांनी पोतं धरायच्या निमित्ताने जरा पुढे वाकून श्वास घेतला.

“बाई, गुलाबवाल्यांच्या हाताला कांद्याच्या पातीचा वास येत नाही.”

बाई लाल झाल्या. तात्यांनी त्यांना बाजूला बसवून, काचबाईंनी सांगितले होते तेच शब्द मोजून मापून सांगितले; जेवढं माहीत आहे तेवढं, आणि माहीत नाही तेही. बाई रिकामं पोतं घेऊन परत गेल्या. काही जण भांडले. बेकरीवाला तर म्हणाला, इतकी वर्षं तुम्हीच दिलंत की. तात्या म्हणाले, हो, मीच दिलं. एवढं बोलून ते थांबायचे, आणि समोरच्याला पुढचं भांडण सुचायचं नाही. जे नाकाला कळलं नव्हतं ते नाकाला आता कधीच कळणार नव्हतं. पण माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याच्या हाताला, सदऱ्याला, पोत्याला खऱ्याचा वास असतो, आणि तो मात्र तात्यांना अजून येत होता.

आक्काकडची माती उकरून संपत आली, तेव्हा शेवटची चार-पाच पोती मागच्या फाटकाशी रचून ठेवलेली होती. न्यायला गाडी मिळाली नव्हती. रविवार होता. तात्या फावडं खांद्यावर टाकून वळसा घालून गेले, तर फाटक पोत्यांमुळे उघडेना. त्यांनी ढकलून बघितलं, मग तिथेच उभे राहिले. आतून आक्काचा आवाज आला, की मागे माती पडलीय दिसत नाही का, पुढून ये.

तात्या पुढे गेले. पायरीवर चपला काढल्या. दार उघडं होतं. भाची आता चांगली अवघडली होती, ती भिंतीला टेकून बसली होती आणि मामाकडे बघून ओठ दाबून हसत होती. जमिनीवरची जुनी गुळगुळीत प्लास्टिकची चादर काढून टाकलेली दिसत होती; खाली फरशीवर तिचा पांढरा चौकोन उमटला होता. आणि खुर्ची नेहमीच्या जागी.

तात्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. आक्का आतून पाण्याचा पेला घेऊन आली.

“बस. मागची वाट बंद आहे म्हणून पुढून बोलावलं. दुसरं काही मनात आणू नकोस.”

तात्या बसले. खुर्ची हाताला जरा ओलसर लागली. नुकतीच पुसलेली होती.